लखमाचं निशाण

पाणी जानेवारीत वर चढत नाही, हे किन्हीराजा गावच्या शेतकऱ्याच्या लेकीला कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही शालिग्राम देशमाने यांनी रेणूला ते सांगितलंच, आणि तेही आलेखावर बोट टेकवून, तीनदा.

देशमाने म्हणजे तालुक्याच्या पाण्याच्या कामांचे अभियंता. माणूस वाईट नव्हता. कागद पूर्ण वाचायचा आणि कुणाला खोटी आशा लावायचा नाही. हे दोन्ही गुण एका खुर्चीत सापडले की समोरच्याची पंचाईतच होते, कारण मग त्याच्यावर रागावताही येत नाही.

"हे पाहा म्याडम," ते म्हणाले, "ही धामणतांड्याची पिण्याची विहीर. पावसाळ्यात पाणी वर येते, कबूल. मंग उतरत जाते, तेबी कबूल. पण दिवाळी झाली का एकदम सव्वा-दीड मीटर वर उडी. होळीपर्यंत मजेत वरच. होळी झाली का धपकन खाली. एक वर्स नाई, तीनही वर्सं. हे पाणी हाय का सणावाराचा पाहुणा?"

रेणू वाशीमच्या एका लहानशा पाणलोट संस्थेत आकडेवारीचं काम करायची. संख्याशास्त्रात एमएस्सी, हाताशी संस्थेचा लॅपटॉप, आणि मानोरा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्याच्या सात विहिरींच्या तीन वर्षांच्या नोंदी. या नोंदींच्या जोरावर धामणतांड्याच्या नाल्यावर बंधारा मागितला होता. उडी सातांपैकी एकाच विहिरीत दिसत होती, पण नेमकी तीच पिण्याची होती.

"बाया घरी बसून आकडे टाकून राह्यल्या असतील," देशमाने म्हणाले. "तसं असलं तं समद्याच नोंदी बाद. पुन्ना तीन वर्सं मोजा, मंग पाहू."

पुन्हा तीन वर्षं. संस्थेच्या सरांनी फोनवर सोपा उपाय सुचवला होता: ते हिवाळ्याचे ठिपके काढून टाक, कोण बघतंय. रेणूनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. ठिपके काढायचे म्हणजे त्या बाया खोटं बोलल्या हे आपणच मान्य करायचं.

देशमान्यांनीच शेवटी वाट काढली. "सोमवारी मी तांड्यावर येतो. मोठा ग्राफ लावा. एकेक बाई समोर येईल आन् आपली रेघ वळखून दाखवील. जिनं मोजलं तिले आपलं मोजणं वळखू आलंच पाह्यजे. तुमी मधात एक शब्द बोलायचा नाई."

अट न्याय्य होती. अडचण एवढीच, की त्या सात जणींपैकी एकीलाही अक्षरओळख नव्हती, आणि रेणूच्या आलेखावर विहिरींची नावं होती वि-१ ते वि-७.

बायांची मोजायची रीत त्यांची स्वतःची होती. दर सोमवारी दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचा. दगड पाण्याला टेकला की काठाच्या धोंड्यापाशी दोर चिमटीत धरायचा, वर ओढायचा आणि कोरडा भाग हातानं मोजायचा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. किती हात भरले तेवढ्या रेघा चिठ्ठीवर ओढायच्या. अंगणवाडीच्या बेबीताई चिठ्ठ्या गोळा करून तीन-तीन महिन्यांनी गठ्ठा वाशीमला धाडायच्या. रेणू संस्थेत आली ती नोंदी सुरू झाल्यावर वर्षभरानं. आल्या आल्या तिनं पहिलं काम काय केलं, तर जून महिन्यात एकदा तांड्यावर जाऊन सातही जणींचे हात टेपनं मोजले. कुणाचा हात एक्केचाळीस सेंटिमीटर, कुणाचा अठ्ठेचाळीस. ज्या विहिरीला ज्या बाईचा हात, त्यानं गुणून तिनं सगळ्या नोंदी मीटरमध्ये आणल्या. या गोष्टीचा तिला मनातल्या मनात बराच अभिमान होता.

आणि सहीच्या जागी होती निशाणं. अंगठा लावा म्हटल्यावर रुपाबाईनं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं म्हणे, "अंगठे समद्यायचे सारखेच दिसतात. मंग मोजलं कोणं, कसं समजंल?" त्यावर प्रत्येकीनं आपल्या कशिद्यातली एक खूण निवडली. आपल्या ओढणीच्या काठावर, पिशवीवर, जी नक्षी आपला हात न बघता काढतो ती. रुपाबाईची कवडी. लखमाचा त्रिकोण, आत तीन ठिपके. कुणाची चौकटीतली फुली, कुणाची फणी. पिण्याची विहीर लखमाकडे होती, म्हणून त्या विहिरीच्या प्रत्येक चिठ्ठीवर तीन ठिपक्यांचा त्रिकोण.

तर ही निशाणंच आलेखावर यायला हवी होती. नुसत्या कोपऱ्यातल्या यादीत येऊन चालणार नव्हतं, प्रत्येक ठिपक्याच्या जागी यायला हवी होती.

रेणूनं चिठ्ठ्यांवरून सात निशाणं गिरवून घेतली आणि त्यांचा एक छोटासा फॉन्ट बनवायला बसली. संगणकाला अक्षर माहीत नसतं, नंबर माहीत असतो. त्या नंबराचा आकार कसा, हे तो फॉन्टच्या फाईलला विचारतो आणि मग काढतो. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर वाटून झाल्यावर काही नंबर मुद्दाम मोकळे सोडलेले आहेत. ज्याचं कुठेच नाही त्यानं आपलं तिथे ठेवावं. रेणूनं त्या मोकळ्या जागांत लखमाचा त्रिकोण ठेवला, रुपाबाईची कवडी ठेवली, फणी ठेवली. मग एक ओळ लिहून तिनं प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर त्रिकोणांची रेघ उमटली, पावसाळ्यात चढणारी, उन्हाळ्यात उतरणारी. जे निशाण आजवर कापडाबाहेर फक्त चिठ्ठीच्या चिटोऱ्यावर आलं होतं, ते कीबोर्डवरून अ लिहावा तितक्या सहज येत होतं. तिला उगाच वाटलं, आपण काही नवं बनवलेलं नाही, कुणाची तरी जागा होती ती फक्त दिली.

हा आनंद मानोऱ्याला पोचेपर्यंत टिकला.

मानोऱ्यात खालिदभाईंचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. खालिदभाई मुळात पेंटर. तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या ब्रशनं रंगवल्या आणि मग काळाची पावलं ओळखून मशीन घेतलं. रविवारी सकाळी रेणूनं पेनड्राइव्ह दिला, फाईल उघडली, आणि खालिदभाईंनी चष्मा वर केला.

"ताई, हा डब्यायचा ग्राफ हाय का?"

पडद्यावर सात रेघा होत्या आणि सातही रेघांवर एकसारखे रिकामे चौकोन. त्रिकोण नाही, कवडी नाही, काही नाही. शीर्षकातल्या 'विहिरी'तल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटल्या होत्या. आणि उभ्या अक्षावर, जिथे जमिनीखालची पातळी म्हणून उणे नऊ असायला हवं होतं, तिथे नुसतं नऊ. उण्याची खूण गायबच. म्हणजे जमिनीच्या नऊ मीटर खाली असलेलं पाणी जमिनीच्या नऊ मीटर वर, आभाळात. पाणी जानेवारीत वर कसं चढतं म्हणून विचारणाऱ्या माणसापुढे हा कागद ठेवायची नुसती कल्पना करून रेणूला हसूही आलं आणि घामही फुटला.

"घाबरू नका. आपल्याकडं समद्याचा इलाज हाय," खालिदभाई म्हणाले आणि रेणू काही बोलायच्या आत त्यांनी सगळं निवडून आपला जुना मराठी फॉन्ट लावून टाकला. वीस वर्षं त्यांनी त्याच फॉन्टात लग्नपत्रिका छापल्या होत्या. हे जुने फॉन्ट म्हणजे गंमतच असते. इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या खुर्च्यांवर त्यांनी मराठी अक्षरं बसवलेली असतात. जो येईल त्याला ते खुर्ची बघून ओळखतात, माणूस बघून नाही. पाहता पाहता रुपाबाईची कवडी 'ङ' झाली, फणी अर्धा 'ष' झाली, लखमाच्या त्रिकोणाच्या जागी दोन दंड येऊन उभे राहिले, आणि खालच्या टिपेतल्या तापमानाच्या आकड्यामागच्या अंशाच्या खुणेचा झाला रफार.

"हे तं मराठी आलं," खालिदभाई म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"आलं, पण कोणाचं आलं खालिदभाई?" रेणू म्हणाली. "या बायायले आपलं निशाण दिसलं नाई तं त्या काय वळखतीन? उद्या साहेब येऊन राह्यले."

तिनं त्यांना सगळी हकिकत सांगितली. खालिदभाईंनी मुकाट्यानं जुना फॉन्ट काढला, चहा मागवला आणि दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं. रविवारचं गिऱ्हाईक त्यांनी परत लावलं, हे रेणूच्या नंतर लक्षात आलं.

मग तिन्ही दुखण्यांना रेणूनं वेगवेगळं औषध शोधलं. वेलांट्या का भरकटल्या, तर आलेखाच्या प्रोग्रामचा जो भाग फाईल बाहेर काढायचा त्याला मराठी जोडायला येतच नव्हतं. तो आपला एकामागून एक अक्षर ठेवत सुटायचा. अक्षरं जोडता येणारा दुसरा भाग तिनं कामाला लावला आणि वेलांट्या घरी आल्या. उण्याची खूण तिच्या मराठी फॉन्टमध्ये नव्हतीच. तेवढ्यापुरतं आकड्यांना दुसऱ्या फॉन्टकडे सोपवलं आणि पाणी आभाळातून जमिनीखाली आलं. निशाणांचं दुखणं सगळ्यात साधं आणि सगळ्यात चमत्कारिक होतं. फाईलमध्ये नंबर आले होते, आकार वाशीमलाच राहिले होते. खालिदभाईंच्या मशीननं नंबर पाहिला, आकार शोधला, सापडला नाही आणि प्रामाणिकपणे रिकामा डबा काढून दिला. रेणूनं फाईल पुन्हा काढली, या वेळी प्रत्येक निशाणाला अक्षर म्हणून न पाठवता त्याच्या कडांसकट, चित्र म्हणून. फाईल जड झाली. पण आता तिला कुणाच्या फॉन्टची मेहरबानी लागणार नव्हती.

त्रिकोण आले. कवड्या आल्या. पण खालिदभाई पडद्याला नाक लावून म्हणाले, "नाई जमलं."

"काय नाई जमलं?"

"हे तीन ठिपक्यायचं पाहा. ठिपके एकमेकात गेले. छापल्यावर नुस्तं काळं दिसंल." त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, खणातून जुना ब्रश काढला आणि करंगळीच्या नखाएवढा त्रिकोण काढला. आतले ठिपके मूळच्यापेक्षा लहान, पण एकमेकांपासून दूर, जवळजवळ कोपऱ्यांत. "लहान काढायचं असलं का आतली खुली जागा वाढवा लागते. मोठ्या पाटीचं अक्षर तसंच लहान करून चालत नाई. डोयाले खरं दिसावं म्हनून हातानं थोडंसं खोटं काढा लागते."

रेणूनं तसंच केलं. सातही निशाणं खालिदभाईंनी एकेक करून तपासली, पुठ्ठ्यावर काढून दाखवली, तिनं फॉन्टात सुधारली. दुपारी तीन वाजता मशीन सुरू झालं. दहा फूट रुंदीचा कागदासारखा पांढरा फ्लेक्स इंचाइंचानं बाहेर यायला लागला. आधी पहिला पावसाळा आला, मग पहिली दिवाळी. दोघंही उभी राहून बघत होती. हजारावर निशाणं होती, आणि प्रत्येकामागे एक सोमवार, एक विहीर आणि दोर ओढणारी एक बाई.

"तीस वर्सं पाट्या काढल्या म्या," खालिदभाई हळूच म्हणाले. "एवढ्या बायायचं काम कोणत्या पाटीवर नाई आलं." फ्लेक्स जमिनीवर पसरायची वेळ आली तेव्हा त्यांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या.

सोमवारी सकाळी नऊला ऊन चांगलंच तापलं होतं. तांड्याचे नाईक सेवालाल यांनी फ्लेक्स शाळेच्या भिंतीला चारी बाजूंनी ताणून बांधला. बेबीताई बायांना घेऊन आल्या. देशमाने खुर्चीवर फाईल घेऊन बसले आणि रेणूला त्यांनी आपल्या मागे उभं केलं, म्हणजे डोळ्यांनीसुद्धा इशारा नको.

रुपाबाई पहिली पुढे आली. उंच, हाडापेरानं मजबूत, पन्नाशीची बाई. तिनं फ्लेक्ससमोर क्षणभर उभं राहून तो डावीकडून उजवीकडे नजरेनं चाळला आणि सरळ जाऊन कवडीवर बोट ठेवलं. "हे मी." मग बोट रेघेवरून पुढे सरकवत गेली. एका जागी थांबली. "इथून पानी पयालं. शेजारच्यानं बोर मारली तवापासून." देशमान्यांनी फाईल चाळली, बोरच्या परवान्याची तारीख पाहिली, फ्लेक्सखालची तारीख पाहिली आणि बरोबरची खूण केली.

आलेख कसा वाचतात हे बायांना कुणी शिकवलं नव्हतं. रेणूला कॉलेजात त्यासाठी एक अख्खं सत्र लागलं होतं. या बाया टाके मोजत जावं तशा सोमवार मोजत जात होत्या. मागचं डावीकडे, पुढचं उजवीकडे, खाली म्हणजे दोर जास्त. फणीवालीनं तर एक निशाण दाखवून सांगितलं की या दिवशी दोर तुटला होता, म्हणून इथे मधली जागा रिकामी आहे. जागा खरोखरच रिकामी होती. रेणूनं त्या रिकाम्या जागा नीट राहाव्यात म्हणून प्रोग्रामशी किती भांडण केलं होतं, आणि त्या कुणाला दिसतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सहा जणी झाल्या. सहाही बरोबर. सगळ्यात शेवटी लखमा आली.

लखमा ठेंगणी, काटक, बोलायला कमी. तिला आपला त्रिकोण शोधायला वेळ लागला नाही. पावसाळा, चढ, मग उतार, बोट सावकाश पुढे चाललं होतं. पहिली दिवाळी आली, रेघेनं उडी मारली, आणि लखमाचं बोट तिथेच थांबलं. ती फ्लेक्सच्या जवळ गेली. एक त्रिकोण पाहिला, पुढचा पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. तीन ठिपके स्वच्छ दिसत होते.

"हे माह्यं नाई," ती म्हणाली.

देशमान्यांनी पेन खाली ठेवलं. तीन वर्षं, सात बाया, आणि ज्या विहिरीवर सगळं अडलं होतं तिचीच बाई सगळ्यांसमोर नाही म्हणत होती. आणि रेणूला बोलायची मनाई होती.

"निशाण तं तुमचंच हाय नं?" देशमान्यांनी विचारलं.

"निशाण माह्यं. मोजनं माह्यं नाई. म्या नव्हतीच इथं. दिवाळी झाली का आमी ऊसतोडीले जातो. होळीले येतो." तिनं दुसऱ्या वर्षाची उडी दाखवली. "हेबी नाई." मग तिसरी. "हेबी नाई. माह्या निशाणावर हे कोनं मोजलं?"

मागून रुपाबाई म्हणाली, "म्या मोजलं."

"तू?"

"मंग कोन? तू जाताना दोर माह्याकडं देऊन नव्हती गेली का? आठवड्याचं मोजनं चुकू नोको देऊ म्हने. नाई चुकू देलं."

"मंग निशाण माह्यं काहून काढलं?"

"विहीर तुह्यी. काम तुह्यं. मी तं तुह्या बदल्यात गेली. त्याच्यावर माह्यी कवडी काढली असती तं लोक म्हनले असते, रुपानं लखमाची विहीर घेतली."

बेबीताईंनी कपाळाला हात लावला. "मले वाटे चिठ्ठी विहिरीची असते. मी तशीच धाडली."

रेणूच्या डोक्यात लख्ख झालं. तिनं लखमाकडे पाहिलं, रुपाबाईकडे पाहिलं, आणि त्या दोघींच्या हातांकडे पाहिलं. एक हात एक्केचाळीस सेंटिमीटर. एक हात अठ्ठेचाळीस. लांब हातानं मोजलं की दोरात हात कमी भरतात. रुपाबाईनं वीस हात मोजले, चिठ्ठीवर वीस रेघा ओढल्या, खाली त्रिकोण काढला. आणि इकडे वाशीमला बसून रेणूनं त्रिकोण बघून त्या विसाला लखमाच्या आखूड हातानं गुणलं. नऊ मीटर साठवर असलेलं पाणी आठ मीटर वीसवर आलं. पाणी जागचं हललं नव्हतं. बायाही खोटं बोलल्या नव्हत्या. उडी मारली होती ती रेणूच्या गुणाकारानं, ज्याचा तिला एवढा अभिमान होता.

"साहेब, चूक माझी आहे," ती म्हणाली. मनाई मोडली होती, पण आता तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं सगळं सांगितलं.

देशमाने उठले. "हे बोलायचं झालं. चला विहिरीवर."

सगळा तांडा मागून विहिरीवर गेला. आधी लखमानं दोर सोडला. दगड टेकला, चिमूट धरली, दोर वर आला. तिनं मोजले साडेचोवीस हात. लगेच रुपाबाईनं सोडला. तिचे भरले एकवीस. देशमान्यांनी कुणालाच न विचारता खिशातून टेप काढला, दोघींचे हात स्वतः मोजले, आणि काठाच्या धोंड्यावर कागद ठेवून गुणाकार केला. दहा मीटर पाच सेंटिमीटर. दहा मीटर आठ. त्यांनी गुणाकार पुन्हा करून पाहिला. पुन्हा तेच. दोन बाया, दोन हात, आणि खाली पाणी एकच.

"तीन सेंटिमीटर," ते स्वतःशीच म्हणाले. "आमच्या मशीनचाबी एवढा फरक येते."

शाळेच्या ओट्यावर बसून रेणूनं लॅपटॉप उघडला. तिन्ही हिवाळ्यांच्या नोंदी तिनं रुपाबाईच्या हातानं गुणल्या आणि त्या ठिकाणी त्रिकोण काढून कवडी ठेवली. प्रोग्राम चालवला. तिन्ही उड्या खाली बसल्या. साठएक ठिपके, एकही इकडे तिकडे नाही. दिवाळीच्या उतारावरून सुरू झालेली रेघ हिवाळ्यातून खाली जात जात होळीच्या त्रिकोणाला बरोबर येऊन भिडली. दोन बायांच्या दोन हातांनी विणलेली रेघ कुठे जोडली आहे हे निशाण बदललं नसतं तर कळलंही नसतं. रेणूनं आजवर कितीतरी आलेख काढले होते. एवढं खरं तिच्या पडद्यावर कधी आलं नव्हतं.

मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. तिन्ही वर्षी त्रिकोण एकाच खोलीवर येऊन थांबत होते. पाणी नऊ मीटरच्या खाली गेलं की लखमाचं निशाण संपायचं.

देशमानेही तिथेच बघत होते. "बाई," त्यांनी लखमाला विचारलं, "दर वर्सी काहून जाता?"

"हरभरा टाकाले पानी नसते. गहू नाई. मंग घरी बसून काय करा?" लखमा म्हणाली. "पानी असतं तं गेली असती का?"

देशमान्यांनी फाईल मांडीवर घेतली. 'नोंदी ग्राह्य' असं लिहून सही केली. खाली मागणीचा रकाना होता. "इथं काय लिवू?" त्यांनी विचारलं. सेवालाल नाईकांनी घसा साफ केला, बंधाऱ्याची लांबी, उंची, सगळं त्यांच्याजवळ तयार होतं.

लखमा मात्र अजून पडद्याकडेच बघत होती, त्रिकोण संपून जिथे कवड्या सुरू होत होत्या तिथे.

"लिवा," ती म्हणाली, "का दिवाळीनंतरबी इथं माह्यंच निशाण आलं पाह्यजे."

देशमान्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तेच, तिच्याच शब्दांत, रकान्यात लिहिलं.